जांभूळ, गवती चहा, आलं: दारूविना कॉकटेल घरी करायचंय, पण सरबत होतंय

फाटक_बंद_आहे | २४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहिते.

८ जूनला आमच्या मामंजींची पंचाहत्तरी आहे. बेळगावात टिळकवाडीत घरीच, गच्चीवर मांडव घालून. माणसं चाळीस. जेवण आचाऱ्याला सांगून मोकळी झालेय, पण आल्या-आल्या पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं ते खातं माझ्याकडे आलंय. बेंगळुरूचा पुतण्या म्हणाला, "काकी, मॉकटेल ठेव की." आता मॉकटेल म्हटलं की मला गेल्या डिसेंबरात एका हॉटेलात प्यालेलं ते निळंशार पाणी आठवतं. वर कागदाची छत्री, आत साखरेचा पाक. मामंजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "खोकल्याचं औषध बरं."

म्हणून ठरवलं, आपल्याकडच्या फळांचं करायचं. गणपत गल्लीत जांभळं आलीत. परसात गवती चहा माजलाय, कुंडीत पुदिना आहे. आज पहिला प्रयोग केला: जांभळाचा गर, पुदिना, आलं, साखर, लिंबू, सगळं मिक्सरला फिरवलं, गाळलं, वर सोडा. रंग चिखलासारखा आला आणि मागे गवत खाल्ल्यासारखी कडू चव. पुदिना काढून दुसऱ्यांदा केलं, तर गोड गोड जांभूळ सरबत. वाईट नाही, पण सरबतच.

दोन अटी. मामंजींना शुगर आहे. आणि जाऊबाई पाचव्या महिन्यात आहेत, तेव्हा "थोडंसं चालतं" असलं काही नको, दारूचा थेंबही नको.

---

शहापुरी_काठ | २४ मे, रात्री १०:०५

अगं मग सरबतच दे की! सरबताला काय धाड भरलीय? आमच्या गल्लीत लग्नाला अजून कोकम सरबतच असतं आणि लोक तीन-तीन ग्लास रिचवतात.

---

फाटक_बंद_आहे | २४ मे, रात्री १०:११

सरबताला नावं ठेवत नाही हो काकी. पण सरबत आपण घटाघटा पितो आणि ग्लास ठेवून देतो. मला असं हवंय की माणूस ग्लास हातात घेऊन अर्धा तास गप्पा मारेल. नाहीतर आल्या-आल्या सगळे आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहतात.

---

पणजी_व्हाया_चोर्ला | २५ मे, पहाटे १:३०

आत्ताच ड्युटी संपली. मी मूळचा जांबोटीचा, अकरा वर्षं गोव्यात बारच्या मागे उभा आहे, म्हणून या धाग्यावर दोन शब्द बोलायचा हक्क समजतो.

ताई, तुम्ही "अर्धा तास हातात राहील" म्हणालात ना, सगळं मर्म त्यातच आहे. दारू घसा जाळते, जिभेला कोरडं करते, म्हणून माणूस आपोआप घोट-घोट घेतो. ती काढून टाकली की पेयात एक खड्डा पडतो. बहुतेक ठिकाणी तो खड्डा साखरेने भरतात आणि मग त्याचं सरबत होतं, वर छत्री लावली तरी. तो खड्डा जळजळीने आणि तुरटपणाने भरायचा. जळजळीला आलं, मिरे, संकेश्वरी मिरचीचा एक तुकडा. तुरटपणाला तर तुमच्या हातात जांभूळ आहे, याहून चांगलं माझ्याकडे बाटलीतही मिळत नाही! पण तुम्ही नुसता गर घेऊन साली गाळून टाकल्या असणार. तुरटपणा आणि रंग दोन्ही सालीत असतात.

असं करा. जांभळं धुऊन, चिमूटभर मीठ लावून हाताने कुस्करा, बिया वेगळ्या काढा. बिया चुकूनही मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, कडूजहर होतं. साल आणि गर मात्र एकत्र फिरवा आणि जाड गाळणीतून दाबून काढा. वस्त्रगाळ नको.

पुदिना कधीही मिक्सरला लावायचा नाही. पान फाटलं की हिरवा रस सुटतो, तीच ती गवताची चव. सात-आठ पानं तळहातावर घेऊन एक टाळी वाजवा आणि ग्लासात टाका. वास सुटला की काम झालं. खरं सांगायचं तर जांभळाबरोबर पुदिना मला आवडत नाही, दोघेही एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. गवती चहा घ्या.

गवती चहाचा पाक: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. दहा पाती गाठ मारून, जरा चेचून त्यात घाला, झाकण ठेवा, वीस मिनिटं. पातीसकट उकळत बसू नका, वास सगळा स्वयंपाकघरात जाईल आणि पाकात काही उरणार नाही.

आलं किसून पिळा आणि रस दहा मिनिटं तसाच ठेवा. खाली पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा घ्या.

एका ग्लासाचं माप: जांभळाचा गर ४० मिली, लिंबू २०, पाक २०, आल्याचा रस ५, सैंधव चिमूटभर. हे सगळं बर्फासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून पंधरा सेकंद जोरात हलवा, गाळून ताज्या बर्फावर ओता, वरून १०० मिली थंड सोडा. सोडा कधीही डब्यात हलवू नका. (एका नवीन पोराने हलवला होता. छताला अजून डाग आहे.)

---

निपाणी_नाका | २५ मे, सकाळी ७:५०

वा, हा धागा सकाळी सकाळी बरा सापडला. माझ्याकडून एक भर. बाजारचा सोडा कशाला? आल्याचा सोडा घरीच होतो. बरणीत पाणी, किसलेलं आलं सालीसकट आणि साखर, रोज एक-एक चमचा दोन्ही घालत जायचं, फडकं बांधून ठेवायचं. चार-पाच दिवसांत बुडबुडे यायला लागतात. ते विरजण गोड पाण्यात घालून बाटल्या बंद करायच्या. मी गेल्या उन्हाळ्यात केला होता, फेस बघण्यासारखा.

---

रसायनवाला_मास्तर | २५ मे, सकाळी ८:२०

नाकेकर, कल्पना छान, पण या घरात नको. ते बुडबुडे यीस्टमुळे येतात. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, तसंच अल्कोहोलही तयार करतं. दोन्ही एकाच अभिक्रियेतून येतात, एक ठेवून दुसरं टाळता येत नाही. प्रमाण थोडं असेल, पण बाटली मे महिन्यात बाहेर राहिली तर वाढत जातं आणि ते मोजायचं साधन आपल्याकडे घरी नाही. बाईंनी तर थेंबही नको म्हटलंय.

शिवाय काचेच्या बाटल्या फुटतात. तुमच्या फुटल्या नाहीत काय?

---

निपाणी_नाका | २५ मे, सकाळी ८:२६

एक फुटली. बायकोला सांगितलंय मांजराने पाडली.

---

पणजी_व्हाया_चोर्ला | २५ मे, दुपारी १२:१५

मास्तरांना दुजोरा. त्याच हिशेबात अजून एक: ऑनलाइन कृतींमध्ये "बिटर्सचे दोन थेंब" लिहिलेलं असतं आणि वर शीर्षक मॉकटेल! ते कडू अर्क दारूतच काढतात, नेहमीच्या प्रकारात ४५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. दोन थेंबांनी कुणी झिंगत नाही, पण ज्याने नको सांगितलंय त्याला नकळत देऊ नये. केकचे इसेन्सही बाटलीवर वाचून घ्या.

कडवटपणा हवा असेल तर संत्र्याची किंवा लिंबाची साल, पांढरा भाग सोडून. नाहीतर गार चहा. दोन चमचे चहापत्ती एक लिटर साध्या पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायची. गरम पाण्याच्या चहासारखा कडक होत नाही, पण जिभेवर जी हलकी पकड पाहिजे ती येते.

---

कणकुंबीचा_पाऊस | २५ मे, दुपारी ३:००

जांभूळ कोणतं घेताय ते पण बघा की. मोठं टपोरं रायजांभूळ खायला छान, गर भरपूर, पण गोड. आमच्याकडे रानात जे बारकं मिळतं ते तुरट, खाल्लं की जीभ टाळूला चिकटते. पोरं खात नाहीत म्हणून स्वस्तही मिळतं. तुमच्या कामाला अर्धं अर्धं घ्या. खानापूर-जांबोटी भागातल्या बायका टोपल्या घेऊन येतात त्यांना "बारकं द्या" म्हणा, त्या तुमच्याकडे दोनदा बघतील, पण देतील.

आणि ८ जून म्हणजे कडेलोटच आहे. एकदा मोठा पाऊस पडला की जांभळं फुटतात, झाडाखाली सडा पडतो, किडे होतात. मे संपायच्या आत घेऊन गर काढून फ्रीजरला टाका. आमच्या पावसाचं तुम्हाला सांगायला नको, मलप्रभा उगवते त्या गावचा मी.

जांभूळ हुकलं तर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं आहेत. आम्ही आणि गोव्याकडचे भिरंड म्हणतो. ताज्या फळाच्या वाट्या करून त्यात साखर भरून उन्हात ठेवायचं, जो रस सुटतो तो घ्या. आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घेणार असाल तर त्यात मीठ असतंच, वरून सैंधव घालू नका. माझ्या भावाने घातलं होतं, समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं.

करवंदाचंही होतं, पण चीक फार. पिकलेली काळीच घ्यायची, दोन-तीन पाण्यांतून काढायची. चाळीस माणसांची करवंदं साफ करायला बसलीस तर पंचाहत्तरी शहात्तरीवर जाईल.

---

चिकोडीचा_ऊस | २५ मे, संध्याकाळी ६:४५

सोडा कारखान्यातला आणण्यापेक्षा गोळी सोडा आणा की! बाटलीच्या गळ्यातली काचेची गोटी आतल्या गॅसच्या दाबानेच रबरी कड्याला घट्ट बसते, झाकणबिकण काही नाही. कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली बाटली, आमच्याकडे जत्रेत अजून फट्‌ करून फोडतात. पंचाहत्तरीला तो आवाज झाला म्हणजे निम्मा कार्यक्रम तिथंच.

आणि पेयाला नाव द्या. "बेळगावी मॉकटेल"!

---

शहापुरी_काठ | २५ मे, संध्याकाळी ६:५८

बेळगाव म्हणायचं. बेळगावी नव्हे.

---

चिकोडीचा_ऊस | २५ मे, संध्याकाळी ७:०२

काकी, "बेळगावी" हे विशेषण म्हणून लिहिलं हो. कोल्हापुरी मिसळ तशी.

---

व्यवस्थापक | २५ मे, संध्याकाळी ७:२०

२०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून हा वाद वेगळ्या धाग्यावर सुखाने चालू आहे. तिकडे जावे. इथे जांभळाबद्दल बोलावे.

---

बैलहोंगलची_सून | २६ मे, सकाळी ११:१०

मी माहेरची मराठी, सासर कन्नड. वरचं सगळं वाचताना मला आमच्या सासूबाईंचं पानक आठवत होतं. रामनवमीला करतात: गूळ पाण्यात विरघळवून त्यात सुंठ, मिरे, वेलची, लिंबू. सोबत कोसंबरी, म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, अरेच्चा, हे तर आपल्या चैत्रगौरीचं पन्हं आणि आंबेडाळच! नावसुद्धा एकच, पानकाचंच पन्हं झालं. फरक इतकाच की आपण पन्ह्यात कैरी आणि वेलची घालून गोड-आंबट ठेवतो आणि यांच्या पानकात मिरं घशाला लागतं.

पणजीवाले दादा ज्याला जळजळ म्हणतायत ती हीच. लहान मुलंसुद्धा पानक घोट-घोट पितात, कारण एकदम प्यायलं तर ठसका लागतो. म्हणून सुचवते, आल्याच्या रसाबरोबर तीन-चार मिरे जाडसर कुटून पाकात घालून बघा. गवती चहा घालता तेव्हाच. आणि साखरेच्या जागी गूळ, निम्मा तरी. महालिंगपूरचा पिवळा गूळ घ्या, काळा घेतलात तर जांभळाचा रंग मारेल.

दुकानातून सब्जा आणणार असाल तर एक गंमत. इकडच्या किराणा दुकानात सब्जा म्हणून कळत नाही, कन्नडमध्ये त्याला कामकस्तूरी म्हणतात. आमच्या यांना मी पहिल्यांदा यादीत "कामकस्तूरी ५० ग्रॅम" लिहून दिलं तेव्हा ते कागद घडी करून परत आले, म्हणाले तूच जा. (कन्नड त्यांची मातृभाषा!) गवती चहाला मज्जिगे हुल्लू, म्हणजे ताकाचं गवत. ताकात घालतात म्हणून असेल.

---

फाटक_बंद_आहे | २९ मे, रात्री ८:३०

किती लिहिलंत सगळ्यांनी! दुसरा प्रयोग झाला, अहवाल देते.

बारकं जांभूळ मिळालं. विकणाऱ्या आजीने खरंच दोनदा बघितलं. बिया काढून, सालीसकट फिरवून, दादांच्या मापाने केलं. मिरे पाकात घातले. पहिला घोट घेतला आणि नवऱ्याने ग्लास खाली ठेवून लेबल शोधायला सुरुवात केली, यात काय घातलंयस म्हणून. तेव्हा समजले की जमतंय.

पण मग घोळ झाला. घरात सोडा संपला होता. जाऊबाई म्हणाल्या, खायचा सोडा आणि लिंबू एकत्र केलं की फसफसतंच की. घातला अर्धा चमचा. फसफसलं खरं, पण बघता बघता जांभळ्याचं निळं आणि निळ्याचं राखाडी झालं! धोतरावर दौत सांडल्यावर धुवायचा प्रयत्न केल्यासारखं. चव साबणाची. मास्तर, हे काय झालं? जांभळात भेसळ होती काय?

---

रसायनवाला_मास्तर | २९ मे, रात्री ९:००

भेसळ नाही हो, उलट अस्सल जांभूळ होतं याचा पुरावा आहे. जांभूळ, रातांबा, लाल कोबी, जास्वंद यांच्या रंगात अँथोसायनिन असतं. आंबटात ते लाल-गुलाबी, मधल्या अवस्थेत जांभळं, आणि अल्कधर्मी झालं की निळं-हिरवट. खायचा सोडा अल्कधर्मी. लिंबाने जेवढा मारला तेवढा मारला, उरलेल्याने तुमच्या जांभळाचं लिटमस केलं. वर्गात मी हा प्रयोग जास्वंदीवर करून दाखवत असे, तुम्ही पंचाहत्तरीच्या तालमीत केलात.

बाटलीतल्या सोड्याने असं होत नाही. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाणी किंचित आंबटच करतो.

हीच गोष्ट उपयोगात आणायची तर गोकर्णाची निळी फुलं आहेत का कुणाच्या कुंपणावर? आठ-दहा फुलं गरम पाण्यात टाका, निळा अर्क निघेल. ग्लासात तो ओतून समोर लिंबू पिळायचं, निळ्याचं जांभळं-गुलाबी होतं. चव जवळजवळ नाही, पण पोरं वेडी होतात. निळ्या रंगाची बाटली आणायची गरज नाही.

आणि सोडा बर्फासारखा थंड असू द्या. थंड पाण्यात वायू जास्त मावतो, ० अंशाला २० अंशांच्या जवळजवळ दुप्पट. कोमट सोडा गरावर ओतला तर सगळा गॅस फेस होऊन उडतो आणि ग्लासात नुसतं पाणी उरतं.

---

चिकोडीचा_ऊस | २९ मे, रात्री ९:२५

मामंजींना शुगर आहे ना? मग जांभूळ म्हणजे औषधच. चार ग्लास द्या बिनधास्त. गोड लागायला साखरेऐवजी ज्येष्ठमध उकळून घाला, शून्य साखर.

---

रात्रपाळीची_सिस्टर | ३० मे, पहाटे ४:१०

नको हो असं सांगू. जांभूळ खाल्लं म्हणून गोळी सोडलेले पेशंट मी वॉर्डात बघते, शुगर चारशेवर घेऊन येतात. फळ म्हणून जांभूळ ठीक आहे. पण पाक म्हणजे पाक. ज्येष्ठमध जास्त झालं तर रक्तदाब वाढतो, आणि गरोदर बाईला तर नकोच. त्या घरात मामंजी आणि जाऊबाई दोघेही आहेत.

मी वरच्या मापाचा हिशेब केला. वाटीला वाटी पाकाचे २० मिली म्हणजे साधारण ११ ग्रॅम साखर, चहाचे अडीच चमचे. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम असते, त्या मानाने कमी, पण शुगरवाल्याला कमी नव्हे. गूळ घातला तरी रक्तात साखरच जाते, त्याला सूट नाही. मामंजींच्या ग्लासात पाक ५ मिलीच घाला, गवती चहाचा वास तेवढ्यानेही येतो. लिंबूही निम्मं करा, नाहीतर नुसतं आंबट लागेल. आणि एक ग्लास. मान त्यांचा आहे, तर ग्लास मोठा द्या आणि सोडा जास्त ओता.

जाऊबाईंसाठी फळं नीट धुतलेली आणि बर्फ घरचा किंवा पॅकेटमधला, लादीचा नको. बाकी या पेयात त्यांना अडचण नाही.

---

पणजी_व्हाया_चोर्ला | ३१ मे, रात्री २:००

सिस्टर, सलाम. आमच्या दोघांची झोप एकाच वेळची दिसते.

ताई, चाळीस जणांचा हिशेब देऊन ठेवतो. जांभळं ३ किलो (गर पावणेदोन लिटरच्या आसपास निघेल, थोडा फुकट जातो). लिंबं चाळीस, एका ग्लासाला एक असं धरा, कागदी रसाळ असतील तर उरतील. साखर किंवा साखर-गूळ मिळून ४५० ग्रॅम आणि पाणी अर्धा लिटर. आलं अर्धा किलो. सोडा ७५० मिलीच्या सहा बाटल्या. बर्फ ग्लासात घालायला ४ किलो, बाटल्या गार करायला वेगळा.

चाळीस वेळा डबा हलवत बसू नका, हात मोडेल. सकाळी गर, पाक, आलं, सैंधव एकत्र करून मोठ्या स्टीलच्या कळशीत फ्रिजमध्ये. लिंबू मात्र पाहुणे यायच्या तासभर आधीच पिळा, सकाळी पिळलेलं संध्याकाळी कडवट होतं. आणि मिश्रण गार झाल्यावरच चाखा. गार पदार्थात गोडी कमी लागते, कोमट चाखून "बरोबर आहे" म्हणालात तर ग्लासात आंबटढाण लागेल. गोळी सोड्याचा आवाज मस्त, पण चाळीस जणांना माणूस वेगळा लागेल फोडायला.

---

निपाणी_नाका | ३१ मे, सकाळी ८:००

माणूस मी येतो.

---

फाटक_बंद_आहे | ९ जून, दुपारी ४:१५

झाली पंचाहत्तरी. हात अजून जांभळे आहेत.

कणकुंबीकर, तुमचा पाऊस आला. बरोबर साडेपाचला, पाहुणे जिन्यात असताना. मांडवावर ताडपत्री होती, पण एका कोपऱ्यात पाणी साचून धार लागली ती थेट बर्फाच्या टपावर. मग वीज गेली. आचारी गॅसबत्ती शोधतोय, पुतण्या मोबाईलचा उजेड धरून उभा आणि मी कळशीतून डावाने ओततेय. चाळीसची बावन्न माणसं झाली. गर ३ किलोचा होता म्हणून निभावलं, शेवटच्या दहा-बारा ग्लासांत गार चहा घालून पुरवलं आणि खरं सांगू, तेच जास्त चांगले झाले. दादा, चहाचं तुम्ही आधी जोरात सांगायला हवं होतं.

जेवायला कुणी लवकर गेलं नाही. आचारीच वर येऊन विचारून गेला, पानं मांडू की नको.

गोकर्णाचा खेळ पोरांसाठी वेगळा केला होता. अंधारात मोबाईल खाली धरून लिंबू पिळायचं आणि रंग बदलताना बघायचं, असं त्यांनी स्वतःच शोधून काढलं. तीन वेळा लिंबं कमी पडली.

एक फजिती. माझ्या माहेरच्या काकांनी दोन घोट घेतले आणि ग्लास लपवून ठेवला. म्हणे, "आज मंगळागौरी नाही, श्रावण नाही, ते ठीक आहे, पण लेकीच्या सासरी दारू?" मिऱ्याचा ठसका लागला होता त्यांना. शेवटी कळशीपाशी आणून आत काय आहे ते दाखवलं तेव्हा पुन्हा ग्लास धरला.

मामंजींना सिस्टरच्या मापाने मोठा ग्लास दिला. सगळ्यांसमोर पहिला घोट घेतला, काही बोलले नाहीत. आम्ही सगळे बघत होतो. अर्ध्या तासाने बघते तर ग्लास अजून हातात, पाव शिल्लक, आणि त्यांचे जुने दोस्त मालवाहू रेल्वेचे किस्से ऐकतायत.

प्रश्न: मिरे-गवती चहाचा पाक एक बाटली उरलाय. किती दिवस टिकेल?

---

पणजी_व्हाया_चोर्ला | १० जून, पहाटे १:४०

गाळून, उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे. वर ढगाळ धागे दिसले की फेकून द्या. साखर दुप्पट असती तर जास्त टिकला असता. पुढच्या वेळी ताकात घालून बघा, "ताकाचं गवत" ना ते.

---

शहापुरी_काठ | १० जून, सकाळी ९:००

बिया टाकल्यास काय गं? आमच्याकडे एकजण वाळवून पूड करते म्हणून विचारलं.

---

फाटक_बंद_आहे | १० जून, सकाळी ९:३०

काकी, बिया मामंजींनी परसात गाडल्या. तीन किलोच्या सगळ्या. आणि पाकाची बाटली पुतण्या आज सकाळच्या गाडीने बेंगळुरूला घेऊन गेला, मला न विचारता.